साक्षीदाराची जागा

घाटनांदूर
रविवार, १६ नोव्हेंबर २००३

आदरणीय दादा,
सप्रेम जय भीम.

गुरुवारी आबांना बँकेत नेले होते. पेन्शनवाल्यांनी दरवर्षी नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत असे लिहून द्यायचे असते. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. तुम्हाला माहीत असेलच. नसेल तर सांगतो, कारण आई गेल्यापासून तीन वर्षे हे काम मीच करतो.

आबांनी तुम्ही पाठवलेला तांबडा स्वेटर घातला होता. यंदा पाऊस नाही, थंडी नाही, बाराच्या उन्हात नुसती लाही होत होती. मी म्हटले, "आबा, काढा तो. लोक हसतील." तर म्हणाले, "हसू दे. साहेबाला कळू दे मास्तरचा बाप आलाय."

साहेबांनी कागद बघून विचारले, "ज्ञानोबा तुम्हीच का?"

"मी न्हाई तर कोन? मेल्यावर आलो असतो व्हय एवढ्या उन्हात?"

सगळी रांग हसली. मग साहेबांनी सही मागितली. आबांचा उजवा हात आता फार थरथरतो. तीन वेळा सही केली, तिन्ही वेळा जुन्या सहीशी जुळली नाही. शेवटी साहेबांनी शाईचा डबा पुढे सरकवला आणि अंगठा घेतला. रात्रशाळेत जाऊन सही शिकलेला माणूस. कारखान्यात ऊसकाट्यावर सव्वीस वर्षे पावत्यांवर सही केली, आणि आता निळा अंगठा घेऊन बँकेतून बाहेर आले. वाटेत धोतराला पुसत होते.

साहेबांनी माझ्याकडे बघून "हे कोण?" असेही विचारले होते. आबा म्हणाले, "धाकटा. थोरला तिकडं गोंदियाकडं मास्तर हाय." माझ्याविषयी कोणी काही विचारले की उत्तर तुमच्याविषयी येते. तक्रार नाही, घडले ते लिहिले.

आता मुख्य गोष्ट. घरी आल्यावर आबा म्हणाले, हात पुरता जायच्या आत मृत्युपत्र करून टाकायचे. स्वतः घेतलेली दोन एकर जमीन आणि घर, एवढ्याचेच. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. एक सही काट्यावरचे त्यांचे जोडीदार बंकटमामा करतील. दुसरी तुमची पाहिजे म्हणतात. मी म्हटले, मी घरातच आहे की. म्हणाले, "तुझी नको. सर्ज्याची पायजे."

त्यांची इच्छा होती म्हणून कळवली. माझे मत विचाराल तर एका सहीसाठी दीड दिवसाचा प्रवास करून, शाळा बुडवून येण्यासारखे काही नाही. आबांनाही घाई नाही. सवडीने म्हणाले.

शुद्धलेखन तपासून लिहिले आहे.

तुमचा भाऊ,
जालिंदर


घाटनांदूर
रविवार, ११ जानेवारी २००४

आदरणीय दादा,
सप्रेम जय भीम.

तुमचे कार्ड मिळाले. "आबांची काळजी घे. सवडीने बघतो." एकूण चार ओळी, त्यातली एक पत्त्याची. आबांनी ते माझ्याकडून चार वेळा वाचून घेतले. चौथ्या वेळी मी म्हटले, "आबा, यात नवीन काही उगवत नाही." तरी कार्ड बंडीच्या खिशात ठेवले. आता ते घामाने मऊ झाले आहे.

मी दररोज टँकरवर असतो. ग्रामपंचायतीने खेपांची नोंद ठेवायला मला रोजावर घेतले आहे, माझे अक्षर वाचता येते म्हणून. किती वाजता आला, कोणत्या वस्तीवर किती हंडे गेले, सगळे मी लिहितो. शेवटी आपल्या घरचे दोन हंडे भरतो आणि त्यातला एक आबांच्या अंघोळीला तापवतो. याचे कार्ड कोणी मला पाठवलेले नाही आणि मी कुणाच्या खिशात नाही.

कारखान्याने यंदा गाळप घेतले नाही. ऊसच नाही तर काय गाळणार. त्यामुळे भोंगा होत नाही आणि आबांना वेळ कळत नाही. सकाळी विचारतात, "पहिला झाला का?" मी म्हणतो, "भोंगा बंद आहे, आबा." मग थोड्या वेळाने परत विचारतात.

परवा बंकटमामा आले होते. दोघे बसून काट्याच्या गोष्टी काढत होते. मामा मला म्हणाले, "तुझा बाप लई खट होता बे. गाडी काट्यावर चढली की गाडीवान खाली. ज्याचा ऊस त्यानं काट्यावर उभं ऱ्हायचं न्हाई, काट्याला हात लावायचा न्हाई. एकदा चेअरमनचा मेव्हणा गाडीवर बसून ऱ्हायला. तुझा बाप म्हणला, उतरा, न्हाईतर तुमचंबी गाळप करावं लागंल."

आबा हसले. हल्ली हसले की त्यांना खोकला येतो.

गेल्या मंगळवारी त्यांना अंबाजोगाईला दस्त लिहिणारे राधाकिशन यांच्याकडे नेले. मी शेजारी बसलो तर आबा म्हणाले, "जालिंदर, तू च्या पिऊन ये." मी म्हटले, मला नको. म्हणाले, "मग माझ्यासाठी सांगून ये." मी टपरीवर पाऊण तास उभा राहिलो. परत आलो तर दोन पाने लिहून झाली होती आणि राधाकिशन कागद पालथा घालत होते. नंतर जिन्यात मी त्यांना विचारले, तर म्हणाले, "मजकूर तुझ्या वडिलांचा आहे. त्यांना विचार." त्यांना कसे विचारणार? ज्या कागदाच्या वेळी मला चहाला पाठवले जाते आणि सहीला तुम्हाला बोलावले जाते, त्या कागदात काय असेल ते न विचारताही कळते.

आईच्या जलदान विधीला तुम्ही जेवायच्या आधी उठून गेलात. आबांना म्हणाला होतात, माझा वाटा आत्ताच तोडून द्या. आबा म्हणाले, मी मेल्यावर. ते शब्द सगळ्या भावकीने ऐकले. तेव्हा मला वाटले होते की आता तरी आबांना दोन्ही मुलांतला फरक दिसेल. तुम्ही तीन वर्षे फिरकला नाहीत, आणि त्यांना फक्त तुमचा स्वेटर दिसतो.

आणखी एक. मी चौदा वर्षांचा असताना तुम्हाला डी.एड.च्या वसतिगृहावर पहिले पत्र लिहिले होते. आईचे अंग लुळे पडल्याचे आणि मी नववीतून शाळा सोडल्याचे त्यात होते. ते पत्र तुम्ही परत पाठवलेत, लाल शाईने चुका गोल करून. सतरा चुका होत्या. शेवटी लिहिले होते, "ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष दे." तेव्हापासून मी लक्ष देतो. शब्दकोश घेतला आहे. या पत्रात एखादी चूक सापडली तर जरूर कळवावी.

सहीचे म्हणाल तर आबा म्हणाले, मास्तरला परीक्षा असतील, त्याला त्रास नको.

तुमचा भाऊ,
जालिंदर


घाटनांदूर
रविवार, २२ फेब्रुवारी २००४

आदरणीय दादा,
सप्रेम जय भीम.

आबा पडले होते. फार नाही, उंबऱ्यात अडखळले. पण आता काठी घेतल्याशिवाय उठत नाहीत आणि जेवण निम्म्यावर आले आहे. राधाकिशन म्हणाले, वय झालेल्या माणसाच्या मृत्युपत्राला डॉक्टरचा दाखला जोडलेला बरा, माणूस शुद्धीवर आहे आणि त्याला सगळे समजते असा. नाहीतर मागे राहिलेले लोक म्हणतात, म्हातारा भ्रमला होता. म्हणून काल डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टरांनी विचारले, "बाबा, आज वार कोणता?"

"शनिवार. टँकर दोनदा यायचा वार."

"मुलं किती?"

"दोन. एक मास्तर हाय."

"आणि दुसरा?"

"दुसरा हा काय बसलाय."

डॉक्टरांनी हसून दाखला लिहून दिला. समज उत्तम आहे. मी तो दाखला घडी न घालता वहीत ठेवून आणला. हा काय बसलाय. अठ्ठावीस वर्षांचा झालो, दहा वर्षांपेक्षा जास्त या घरात बसलोच आहे. दोनदा स्थळ आले. दोन्ही वेळा मुलीकडचे म्हणाले, थोरला मास्तर आहे ना, मग जमीन त्याचीच, हा काय नुसता सांभाळायला.

तुम्ही रागावू नका. तुमच्या जागी असतो तर मीही असाच असतो की काय हे मला माहीत नाही, कारण तुमच्या जागी मला कधी कोणी बसवून पाहिले नाही. कारखान्यातसुद्धा आबा निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी एका मुलाला काट्यावर घेतो म्हणून सांगितले होते. आबांनी आधी तुम्हाला विचारले. तुम्ही नाही म्हणालात. मग माझे नाव सांगितले, तर दहावी पास पाहिजे होता. नाकारलेली वस्तूसुद्धा माझ्यापर्यंत येत नाही.

दिवस ठरला आहे. गुरुवार, १८ मार्च, सकाळी अकरा, अंबाजोगाईचे नोंदणी कार्यालय. कळवायचे म्हणून कळवतो. तुम्ही येणार नाही असे धरून दुसरी सही मी करणार आहे. गेले महिनाभर मी टँकरच्या वहीच्या मागच्या पानांवर सराव करतो आहे. "जालिंदर" मधला ज पूर्वी बसका यायचा. आता चांगला येतो. ज्या कागदावर घराचा निकाल होणार, त्यावर निदान खाली माझे नाव असावे, एवढेच. वर कुणाचे असेल ते असो.

तुमची वाट पाहणे आबांनी सोडले आहे, असे मला वाटते.

तुमचा भाऊ,
जालिंदर


घाटनांदूर
शुक्रवार, १९ मार्च २००४

दादा,
जय भीम.

हे पत्र वाचायच्या आधी पाकिटातले दुसरे तीन कागद वाचू नका. आधी हे वाचा.

काल आम्ही जीप करून अंबाजोगाईला गेलो. आबा, मी आणि बंकटमामा. आबांनी स्वेटर घातला होता. वाटेत दोनदा विचारले, "सर्ज्या थेट कचेरीत येनार म्हणलाय का?" मी खिडकीबाहेर बघत होतो. मी म्हटले, "बघू."

कार्यालयात गर्दी होती. राधाकिशन कागद घेऊन आले आणि साक्षीदार कोण म्हणून त्यांनी विचारले. बंकटमामा पुढे झाले. मी पण पुढे झालो. पेन मी घरून नवीन आणले होते. मामांनी सही केली. मी खाली वाकलो, टोपण काढले, तर राधाकिशन यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"तू कशाला सही करतोस?"

मी म्हटले, "थोरले भाऊ येणार नाहीत. मी करतो."

"अरे, तुझं नाव आत आहे."

मला कळले नाही. ते म्हणाले, "सगळं तुला दिलंय. जमीन तुला, घर तुला. ज्याला मिळायचं तोच साक्षीदार, असं आम्ही करत नाही. उद्या कोणी कोर्टात गेलं तर पहिलं बोट तिथंच ठेवतील."

मी आबांकडे बघितले. आबा बाकावर काठीवर हनुवटी टेकून बसले होते. म्हणाले, "गाडी तुझी हाय, बाबा. तू काट्यावरून खाली उतर."

दादा, मी तिथेच उभा राहिलो. टोपण माझ्या हातात होते. बंकटमामांनी ते घेऊन पेनला लावले.

मग राधाकिशन यांनी मजकूर वाचून दाखवला. त्यात लिहिले आहे की थोरला मुलगा सर्जेराव यास शिकवले, त्यासाठी त्याच्या आईच्या पाटल्या मोडल्या, त्याचा वाटा त्याला शिक्षणात पोचला. धाकटा जालिंदर याने आईसाठी आणि माझ्यासाठी शाळा सोडली, त्याचा वाटा द्यायचा राहिला आहे, तो देत आहे. "द्यायचा राहिला आहे" हे शब्द राधाकिशन यांचे नाहीत. ते आबांचे आहेत, मी ओळखतो.

राधाकिशन म्हणाले, दुसरा साक्षीदार काय, बाहेर कोणीही मिळेल, तहसिलीत दहा माणसे उभी आहेत. आबा नाही म्हणाले. "सर्ज्याची सही पायजे. त्यानं सोताच्या हातानं केली म्हंजी त्याला पटलं. मग उद्या ही दोघं एकमेकांच्या दारात जातील. दुसऱ्याच्या सहीनं जमीन मिळंल ह्याला, भाऊ मिळनार न्हाई."

"अहो पण ते आले नाहीत ना, बाबा."

"कावून आला न्हाई ते मला बी कळंना. तीन पत्रं धाडली की. माज्या तोंडानं सांगून धाडली." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "नीट ल्हिलंतंस ना रं?"

मी हो म्हणालो.

बंकटमामा म्हणाले, "मास्तर लोकं मोठी असत्यात, ज्ञानोबा. सोड त्याचा नाद." आबांनी त्यांना काठी दाखवली. मग डोळे पुसले, स्वेटरच्या बाहीने. कागद तसाच घेऊन आम्ही परत आलो.

आता तुम्ही ते तीन कागद काढा.

आबांनी जेव्हा जेव्हा पत्र सांगितले, तेव्हा मी त्यांच्या शब्दांत जसेच्या तसे लिहून घेतले. त्यांना वाचता येत नाही, पण ऐकून ते एकेक शब्द तपासतात, म्हणून वाचून दाखवायला खरा कागद लागायचा. तो वाचून दाखवायचो आणि वहीत ठेवायचो. नंतर टँकरवर बसून दुसरे पत्र लिहायचो. तुम्हाला मिळाली ती दुसरी.

पहिल्या कागदात बघा. "सर्ज्या, माजा हात चाललाय. सही अडलीय. सगळं सोडून ये." मी तुम्हाला लिहिले, सवडीने म्हणाले.

दुसऱ्यात आहे, "तू रागानं गेलास त्यात माजीबी चूक हाय. भावकीम्होरं बोलायला नको व्हतं." मी तुम्हाला लिहिले, त्याला त्रास नको.

तिसऱ्यात तारीख आहे, आणि आबा म्हणतात, "तू आलास तरच कागद व्हईल. न्हाई आलास तर मी सही करनार न्हाई." त्याच आठवड्यात, २२ फेब्रुवारीला लिहिलेले माझे पत्र मी लगेच पेटीत टाकले नाही. सोमवारी, १५ मार्चला टाकले. ते तुम्हाला गुरुवारनंतरच मिळावे म्हणून हिशोब करून टाकले. मी सगळे हिशोबानेच करतो, तुम्हाला माहीत आहे.

मला वाटले, सही करणाऱ्याला मिळते. मला वाटले, तुम्ही आलात की या घरात माझे काही राहणार नाही. पण खरे सांगायचे तर जमिनीचे नव्हते. विहिरीला पाणी नाही, दोन वर्षे काही पिकले नाही, ती घेऊन मी काय करणार होतो? तुम्ही दारात आलात की आबांचा चेहरा कसा होईल, ते मला बघायचे नव्हते.

आता हे सगळे कागद तुमच्या हातात आहेत. यायचे की नाही ते तुम्ही ठरवा. आला नाहीत तर मृत्युपत्र होणार नाही, मग कायद्याने तुम्हाला निम्मे मिळेलच. मी काही म्हणणार नाही. आलात तर तुमच्याच सहीने तुमचे जाईल. असे पत्र लिहून कोणी कोणाला बोलवत नाही, हेही मला कळते.

आबा आज दुपारच्या एस.टी.च्या वेळेला स्टँडवर जाऊन बसले होते. त्यांना मी अजून काही सांगितलेले नाही. कोणी सांगायचे ते पण तुम्ही ठरवा.

जालिंदर


घाटनांदूर
रविवार, १८ एप्रिल २००४

आदरणीय दादा,
जय भीम.

तुम्ही सुखरूप पोचला असाल.

तेरा तारखेला तुम्ही एस.टी.तून उतरलात तेव्हा मी टँकरवर होतो. मुद्दाम नाही, वेळ तीच होती. बंकटमामा मला सांगायला आले, "आला बे तुझा मास्तर. म्हातारा गळ्यात पडून रडला." म्हणजे जो चेहरा मला बघायचा नव्हता, तो मी बघितला नाही. गावात बाकी सगळ्यांनी बघितला. त्याचे मला पुढचे दोन दिवस वाईट वाटत होते. का ते सांगता येत नाही.

जयंतीच्या मिरवणुकीत आबा तुमचा दंड धरून चालले. एप्रिलच्या उन्हात, स्वेटर घालून. चौकात थांबून सगळ्यांना सांगत होते, "पत्र मिळाल्याबरूबर आला. पत्र टपालात अडकलं व्हतं." तुम्ही बाजूला उभे होता आणि काही बोलला नाहीत. टपालाने माझे पाप डोक्यावर घेतले, ते तुमच्यामुळे. त्याचे उपकार मानायचे की मला ते सुद्धा सहन होत नाही हे लिहायचे, दोन्ही खरे आहे.

गुरुवारी कचेरीत तुम्ही मजकूर दोनदा वाचलात. "आईच्या पाटल्या" या ओळीवर थांबलात. मला वाटले, आता खिशातून लाल पेन निघणार. तुम्ही राधाकिशन यांना फक्त विचारले, "कुठे करायची?" आणि केली. आबांनी पण सही केली. अर्धी पानावर, अर्धी हवेत, पण सही. मग कार्यालयाच्या माणसाने सगळ्यांचेच अंगठे घेतले, बंकटमामांचा आणि तुमचाही. आबा तुमच्या निळ्या अंगठ्याकडे बघत राहिले. "मास्तरलाबी अंगठा लावावा लागतो व्हय?" म्हणाले, आणि इतके हसले की पाणी पाजावे लागले. बँकेतून आल्यापासून तसे हसले नव्हते.

चार दिवसांत तुम्ही माझ्याशी एकच वाक्य बोललात. शुक्रवारी, एस.टी.च्या पायरीवर. "ते तीन कागद तू फाडले का नाहीस?" गाडी सुटली म्हणून उत्तर द्यायचे राहिले. ते आता देतो.

फाडायचे मनात दोनदा आले होते. आबा पत्र सांगायला बसायचे तेव्हा तासभर माझ्यासमोर बसायचे. एरवी आमचे बोलणे म्हणजे पाणी तापले का, गोळी घेतली का, भोंगा झाला का. पत्र सांगताना ते लहान आवाजात बोलायचे. माझी चूक झाली, म्हणायचे. मला तुझी आठवण येते, म्हणायचे. ते सगळे तुमच्यासाठी होते, मला माहीत होते. पण बोलताना ते माझ्याकडे बघत असत. असे कागद फाडता येत नाहीत. जमल्यास मला परत पाठवा. नाही पाठवलेत तरी चालेल, तुमचेच आहेत.

मृत्युपत्र आईच्या पेटीत ठेवले आहे. आबा रोज दुपारी ते काढायला लावतात. त्यात माझे नाव चार ठिकाणी आहे, मी मोजले. आबा मांडीवर कागद घेतात, दुसरे पान उलटतात आणि बोट फिरवतात ते खाली, तुमच्या सहीवर. "बघ, कसं वळन हाय," म्हणतात. मी बघतो. वळण चांगले आहे. जमीन माझी, घर माझे, आणि बोट तिथे. त्या बोटासाठी आता कोणत्याही कार्यालयात अर्ज करता येणार नाही.

म्हणून एक विचारायचे आहे. नोव्हेंबरात परत हयातीचा दाखला द्यायचा आहे. एक तारखेपासून महिनाअखेरपर्यंत कोणत्याही दिवशी चालते, अकरा ते दोन. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही या आणि त्यांना बँकेत तुम्ही घेऊन जा. पेन्शनचे पुस्तक आणि जुनी पावती मी काढून ठेवीन. खिडकी डावीकडची, दुसरी. साहेब विचारतील, हे कोण. आबा काय सांगतात ते मला कळवा, जसेच्या तसे.

मी घरी थांबेन. पाणी तापवून ठेवीन.

तुमचा भाऊ,
जालिंदर